खटक्याची किंमत

आजोबांचा कलमं बांधायचा चाकू माझ्याकडे आहे. मिटवला की तळहातात मावतो, उघडला की वीतभर होतो. मुठीला शिसवाच्या दोन पट्ट्या, त्यांतून आरपार गेलेले तीन पितळी खिळे, आणि पात्याच्या बुडाशी शिक्का. शिक्क्यातलं 'शेफील्ड' तेवढं अजून वाचता येतं, वरचं नाव वर्षानुवर्षांच्या घासण्यापुसण्यात गेलं. गेल्या वर्षी पातं डगमगायला लागलं म्हणून तो पुण्यात एका धारवाल्याकडे नेला. त्यानं चाकू ऐरणीच्या तुकड्यावर आडवा ठेवला, खिळ्याच्या डोक्यावर हलक्या हातोडीनं टिचकी मारली, पातं उघडून पाहिलं, मिटवलं, पुन्हा टिचकी मारली. खिळा जरा जास्त बसला असता तर पातं उघडलंच नसतं, आणि कमी बसला असता तर डगमग राहिली असती. हे वीस मिनिटं चाललं. त्यानं साठ रुपये घेतले आणि चाकू हातात देताना दोनदा उघडून-मिटवून आवाज ऐकवला.

घडीचा चाकू आपल्या देशात बनवला तर कितीला पडतो आणि परदेशात बनवून आणला तर कितीला, हा प्रश्न अमेरिकेत आणि युरोपात शंभर-सव्वाशे वर्षं चर्चेत आहे. कारखाने त्यावरून उभे राहिले आणि त्यावरूनच बंद पडले. त्या हिशोबात शिरायचं तर या वीस मिनिटांपासूनच शिरलं पाहिजे.

स्वयंपाकघरातली सुरी म्हणजे पातं आणि मूठ. मूठ पक्की बसली की काम झालं. घडीच्या चाकूचं पातं मात्र फिरतं, आणि सगळा खर्च त्या फिरण्यात आहे. मुठीच्या पाठीवर पोलादी पट्टीची स्प्रिंग असते, तिच्या टोकाला खटका, आणि पात्याच्या बुडाशी त्या खटक्यासाठी कोरलेली खाच. पातं उघडलं की खटका खाचेत बसतो. दोघांमध्ये केसाएवढी फट राहिली तरी पातं हलतं, आणि हलणारं पातं कधीतरी बोटावर मिटतं. आता हे पातं बनतं कसं ते पाहू. पोलादाच्या पत्र्यातून आकार कापायचा, तो हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवायचा आणि त्याला पाणी द्यायचं. 'पाणी' हा आपला जुना शब्द. कारखान्यात ते काम तेल किंवा थंड वायूचा झोतही करतो. मग पुन्हा मंद आचेवर तापवून ठिसूळपणा घालवायचा. या तापण्या-निवण्यात पातं किंचित वाकतं, आकारही जरासा बदलतो. म्हणून आधी यंत्रानं कितीही अचूक कापलेलं असलं तरी शेवटी कुणीतरी ते मुठीत बसवून पाहतो, काढतो, घासतो, पुन्हा बसवतो. इंग्लंड-अमेरिकेतले जुने कारागीर म्हणतात की चांगला चाकू चालतो आणि बोलतो. चालतो म्हणजे पातं कुठे अडखळत नाही. बोलतो म्हणजे जागेवर बसताना 'टक्' असा ठाम आवाज येतो.

हे चालणं-बोलणं महाग पडतं. किती, ते एका हिशोबानं बघू. आकडे मी फक्त हिशोबासाठी धरलेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. समजा एका चाकूला हाताचं काम अर्धा तास लागतं. अमेरिकेत कामगाराचा तास विमा-भत्त्यांसकट ३० डॉलरना पडतो आणि दक्षिण चीनमध्ये ६ डॉलरना. म्हणजे मजुरी इकडे १५ डॉलर, तिकडे ३. पोलाद, पितळ, स्क्रू, डबी हे सगळं दोन्हीकडे ८ डॉलर धरू. कारखान्याच्या दारात एक चाकू २३ डॉलरला उभा आहे, दुसरा ११ला. फरक १२ डॉलरचा.

गिऱ्हाइकाला मात्र हा फरक १२ डॉलरचा दिसत नाही. कारखान्याच्या दारातून दुकानाच्या काचेपर्यंत जाताना कंपनी, घाऊक व्यापारी आणि दुकानदार, प्रत्येक जण आपला वाटा टक्क्यांत घेतो. किंमत वाटेत तिप्पट होते असं धरलं तर काचेमागे एका चाकूवर ६९ डॉलरची चिठ्ठी लागते आणि दुसऱ्यावर ३३ची. मूळचा १२चा फरक ३६ झाला. कामगाराला जास्तीचे १२ मिळाले, गिऱ्हाइकानं जास्तीचे ३६ दिले, आणि गिऱ्हाईक समजतं की हे सगळे ३६ देशी मजुरीचे आहेत. देशी माल परवडत नाही असं म्हणताना ही तिप्पट कुणी मोजत नाही, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित आकडा हाच आहे.

वाहतुकीचं काय? लोकांना वाटतं, समुद्रापलीकडून आणायचं म्हणजे भाडं पुष्कळ असणार. वीस फुटी कंटेनरात सुमारे ३३ घनमीटर जागा असते. डबीबंद चाकू १५ सेंटीमीटर लांब, ६ रुंद आणि ४ जाड धरला, तर खोक्यांच्या सांदीकोपऱ्यात वाया जाणारी जागा सोडूनही पन्नास हजारांवर चाकू आत बसतात. कंटेनरचं भाडं ३ हजार डॉलर धरा. चाकूमागे सहा सेंट. एवढ्याशा वस्तूला समुद्र आडवा येत नाही. परदेशी मालाचा खरा जादा खर्च वेगळ्या जागी असतो. ऑर्डर हजारांत द्यावी लागते आणि काही रक्कम आगाऊ. माल बनून, जहाजातून येऊन, गोदामात उतरेपर्यंत काही महिने पैसा अडकतो. खेपेत खटके सैल निघाले तर ते कळतं माल उतरल्यावर. शेजारच्या शेडमध्ये जाऊन 'हे बघ, असं नको' म्हणायची सोय राहत नाही.

पोलादाच्या किमतीवरही बराच वाद चालतो, पण तिथेही गोष्ट फिरून मिनिटांवर येते. अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीनं २००१ साली एस३०व्ही नावाचं पोलाद आणलं, मुद्दाम चाकूंसाठी तयार केलेलं. त्यात ४ टक्के व्हॅनेडियम असतं, आणि व्हॅनेडियमचे कठीण कण धार दीर्घकाळ टिकवतात. तेच कण कारखान्यात घासणाऱ्या पट्ट्याही खातात. धार टिकाऊ म्हणून घासायला वेळ जास्त, पट्टे जास्त. पत्र्याचा भाव किलोमागे थोडा वाढला तर चाकूमागे काही सेंट किंवा एखाद-दोन डॉलर वाढतात, पण सहाणेसमोर उभ्या माणसाची दहा मिनिटं वाढली तर वरच्या हिशोबात पाच डॉलर जातात, आणि काचेमागे ते पंधरा होतात.

मजुरीच्या फरकापायी चाकूंनी देश बदलावेत, हे जुनंच आहे. एकोणिसाव्या शतकात जगाचा चाकू इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये बनत होता. तिथले कारागीर लहान लहान खोल्यांत, भाड्यानं घेतलेल्या सहाणांवर काम करायचे. कोरड्या सहाणेवर घासणाऱ्यांची फुप्फुसं दगडाच्या आणि पोलादाच्या धुळीनं तरुणपणीच निकामी व्हायची. स्वस्त चाकूची किंमत तेव्हा अशीही मोजली गेली आहे. मग जर्मनीतल्या सोलिंगेननं यंत्रं आणली आणि शेफील्डपेक्षा कमी दरात माल द्यायला सुरुवात केली. अमेरिका या दोघांचीही मोठी गिऱ्हाईक होती, ती १८९० पर्यंत. त्या वर्षीच्या मॅकिन्ली कायद्यानं आयात चाकूंवर जबर जकात बसवली आणि १८९७च्या डिंगली कायद्यानं ती पुन्हा चढवली. न्यूयॉर्कमध्ये अॅडॉल्फ कॅस्टर नावाचे व्यापारी होते, त्यांचा धंदाच जर्मनीतून चाकू आणून विकण्याचा. जकातीनं तो धंदा परवडेना, तेव्हा त्यांनी १९०२ साली सिरॅक्यूजजवळच्या कॅमिलस गावातला चाकूंचा कारखाना विकत घेतला आणि तो चालवायला जर्मनीहून कारागीर आणले. तोवर चाकू बोटीतून यायचे, आता माणसं आली. अमेरिकी चाकू म्हणून पुढे नावाजलेला माल सुरुवातीला या हातांनी घडवला.

कॅमिलस २००७ साली बंद पडला. त्याआधी, २००४च्या जुलैअखेर, न्यूयॉर्क राज्यातल्याच एलनव्हिल गावातला इंपीरियल श्रेड हा कारखाना बंद झाला आणि सुमारे २५० माणसांचं काम गेलं. 'ओल्ड टायमर' नावाचे त्याचे चाकू अमेरिकेत बाप मुलाला देत असे. दोन्ही कारखान्यांची नावं विकली गेली, दुसऱ्यांनी घेतली, आणि तीच नावं पुढे चीनमध्ये बनलेल्या पात्यांवर उमटली. नावाला बाजारात गिऱ्हाईक मिळालं. ज्यांना खाच आणि खटका जुळवता येत होता ते हात मात्र कुणी विकत घेतले नाहीत. या गोष्टीतलं मला सगळ्यात लागणारं नुकसान हे आहे.

याचं कारण असं की चाकूला शेजार लागतो. कोल्हापुरात शिरोलीला एखादी फाउंड्री चालते तेव्हा तिच्या आजूबाजूला साचे करणारा, वाळू पुरवणारा, ओतलेला भाग टर्निंग करून देणारा, भट्टी दुरुस्त करणारा असे सगळे असतात, आणि एकाकडे अडलं तर दुसरा त्याच संध्याकाळी करून देतो. चाकूंच्या गावांचं तसंच आहे. फ्रान्समध्ये थिएर, इटलीत मानियागो, जर्मनीत सोलिंगेन, जपानमध्ये तलवारी घडवणाऱ्यांचं जुनं गाव सेकी, चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात यांगजियांग. यांगजियांगमध्ये एक जण फक्त पाती कापतो, दुसरा फक्त पाणी देतो, तिसरा फक्त मुठी करतो. नव्या चाकूचं चित्र घेऊन गेलेल्या माणसाला सुट्या भागांसाठी गाव सोडावं लागत नाही. मजुरी वाढली तरी असं गाव एका रात्रीत महाग होत नाही. तसंच, एकदा शेजार मोडला की नुसती जकात बसवून तो परत बसत नाही. कॅस्टर यांना १९०२ साली कारागीर जर्मनीहून आणता आले, कारण जर्मनीत ते होते.

आणि परदेशी म्हणजे स्वस्त, हे समीकरणही सगळीकडे लागू पडत नाही. कोलोराडोतल्या गोल्डन गावची स्पायडरको ही कंपनी घ्या. एका हातानं उघडता यावा म्हणून पात्याला गोल भोक आणि खिशाला अडकवायला क्लिप असलेला तिचा पहिला घडीचा चाकू १९८१ साली आला, आणि तो बनला जपानमध्ये, सेकीत. पुढे कंपनीनं गोल्डनमध्ये स्वतःचा कारखाना टाकला, पण सेकीतलं काम सोडलं नाही. तिचे काही सगळ्यात नेटके चाकू तैवानच्या ताइचुंगमध्ये बनतात. ताइचुंग यंत्रं बनवणाऱ्यांचं शहर आहे, सायकलींचंही, आणि तिथली अचूकता ही मुख्यतः यंत्रावरच्या माणसाची आहे. तिथे बनणाऱ्या 'सेज' नावाच्या चाकूत अमेरिकी एस३०व्ही पोलाद वापरलं गेलं. म्हणजे पोलाद अमेरिकेतून तैवानला गेलं आणि चाकू होऊन परत आला, आणि तो स्वस्त नव्हता. कंपनी आपल्या पात्यांवर गाव स्पष्ट कोरते, आणि गोल्डनच्या पात्यांवर तर गाव, राज्य, देश लिहून पुढे 'पृथ्वी' असंही कोरलेलं असायचं. उलट ऑरेगनमधली करशॉ पाहा. मालक कंपनी जपानची, सेकीत जन्मलेली. तिचा 'लीक' हा चाकू कित्येक वर्षं ऑरेगनमध्ये अमेरिकी हातांनी बनतो, आणि त्याचं पोलाद स्वीडनचं. हा चाकू कुठला म्हणायचा? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम सांगतो की 'मेड इन यूएसए' लिहायचं तर वस्तू सगळीच्या सगळी किंवा जवळजवळ सगळी तिथली हवी. त्यातल्या 'जवळजवळ'वर वकिलांची पोटं भरतात.

मग महागड्या देशात राहून चाकू बनवणारे टिकले कसे? फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातला ओपिनेल हा माझ्या मते सगळ्यात सुंदर उत्तर देतो. झोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली तो काढला, शेतकऱ्याच्या खिशासाठी. लाकडी मुठीला चीर, चिरेत पातं, एक आस आणि एक पत्र्याचं कडं. मुठी हातानं न कोरता झपाट्यानं निघाव्यात म्हणून त्यांनी स्वतः यंत्र बनवलं. १९५५ साली त्याला फिरतं कडं आलं. पातं उघडलं की कडं फिरवायचं, चीर बंद होते आणि पातं मिटत नाही. खटका नाही, स्प्रिंग नाही, जुळवून घासायची खाच नाही. एकूण भाग पाच. पावसात लाकूड फुगतं आणि पातं घट्ट होतं, हे त्याचं न्यून साव्हॉयचे लोक मूठ दगडावर आपटून दूर करतात. फ्रेंच मजुरी देऊनही हा चाकू आजही शेतकऱ्याच्या आवाक्यात आहे, कारण त्यात कुणाची वीस मिनिटं अडकून पडत नाहीत. मजुरी कमी असलेला देश शोधायला निघण्याआधी मजुरी कशावर खर्च होते हे त्या माणसानं पाहिलं.

अमेरिकेतल्या बक कंपनीला ही वाट उशिरा आणि कष्टानं सापडली. हॉइट बक १९०२ साली कॅन्ससमध्ये लोहाराच्या हाताखाली उमेदवारी करत होते आणि झिजलेल्या कानशींपासून पाती घडवत होते, आपल्याकडे मोटारीच्या जुन्या पाट्यांपासून कोयते करतात तशी. त्यांच्या मुलाच्या काळात, १९६४ साली, '११०' हा घडीचा चाकू आला. पावणेचार इंचांचं पातं, लाकडी मूठ, दोन्ही टोकांना पितळ, पाठीवर दाबायचा खटका, वजन सुमारे २०० ग्रॅम. तो इतका चालला की त्याची नक्कल जगभर झाली. पितळ, लाकूड आणि पोलाद एका पातळीत घासून गुळगुळीत करायचं म्हणजे हातांचं काम आलंच. स्वस्त परदेशी चाकूंशी स्पर्धा करताना कंपनीनं आपल्या काही मॉडेलांचं काम तैवान-चीनला दिलं, आणि २००५ साली सगळा कारखाना कॅलिफोर्नियातून उचलून आयडाहो राज्यातल्या पोस्ट फॉल्सला नेला, कारण कॅलिफोर्नियात वीज, विमा, जागा सगळंच भारी पडत होतं. देश सोडायचा नसेल तर देशातच स्वस्त गाव शोधायचं, हाही एक मार्ग. पुढे २०१८च्या सुमारास त्याच ११०ची हलकी आवृत्ती आली. पात्याचा आकार तोच, मूठ मात्र साच्यातून निघालेल्या नायलॉनची. पितळ-लाकडाचं घासकाम गेलं, वजन निम्म्यावर आलं, किंमतही उतरली आणि चाकू आयडाहोतच बनत राहिला. जुन्या ११०ची ऊब नायलॉनला नाही, हे खरं. पण पाती घासणारे, पाणी देणारे, धार लावणारे लोक पोस्ट फॉल्सला कामावर राहिले, आणि जुना ११०ही तिथेच बनतो.

स्वित्झर्लंडची गोष्ट शेवटी ठेवली, कारण ती सुरू होते तिथेच सगळे चकित होतात. जगातला सगळ्यात प्रसिद्ध घडीचा चाकू, स्विस सैनिकाचा, पहिल्यांदा स्वित्झर्लंडमध्ये बनलाच नाही. १८९१ साली सैन्यानं 'मॉडेल १८९०' मंजूर केला. काळसर ओकची मूठ, पातं, डबा उघडायचं साधन, टोच्या, आणि नव्या रायफलीचे स्क्रू काढायला पेचकस. पंधरा हजार नग हवे होते. तेवढे बनवेल असा कारखाना देशात नव्हता, म्हणून पहिली ऑर्डर गेली सोलिंगेनच्या वेस्टर कंपनीकडे. इबाख गावात १८८४पासून कार्ल एल्सेनर यांचं छोटं वर्कशॉप होतं. आपल्या सैनिकाचा चाकू आपल्या देशात बनला पाहिजे म्हणून त्यांनी देशातल्या चाकूवाल्यांचा संघ उभा केला. सोलिंगेनचा यंत्रावरचा माल स्वस्त पडतो हे दिसल्यावर बाकीचे एकेक करून बाहेर पडले. एल्सेनर कर्जात बुडाले आणि नातेवाइकांनी हात दिला म्हणून वाचले. १८९७च्या १२ जूनला त्यांनी अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. एकाच मागच्या स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारं तोलण्याची त्यातली युक्ती भाग वाचवणारी होती. आई व्हिक्टोरिया वारल्या तेव्हा कंपनीला त्यांचं नाव मिळालं, १९२१ साली न गंजणारं पोलाद आलं तेव्हा त्यात 'इनॉक्स' जोडलं गेलं, आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं.

तोच प्रश्न २००८ साली पुन्हा दारात आला. सैन्याला ७५ हजार नवे चाकू हवे होते, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांप्रमाणे निविदा सगळ्या जगासाठी खुली ठेवावी लागली. स्विस सैनिकाच्या खिशात चिनी चाकू येणार का, यावर देशात खळबळ उडाली. निविदा व्हिक्टोरिनॉक्सनं जिंकली. २०१७पासून तर तिथे कायदा असा आहे, की कारखानी वस्तूला 'स्विस' म्हणायचं तर उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग देशात झालेला हवा. नाव राखायचं असेल तर मिनिटंही देशातच खर्च करा, असा त्याचा सरळ अर्थ.

पण इबाखची खरी कसोटी त्याआधीच झाली होती. २००१च्या ११ सप्टेंबरनंतर विमानात खिशातला चाकू नेता येईना. विमानतळांवरच्या दुकानांतून तो एका दिवसात उतरला. खिशातल्या चाकूंची विक्री सुमारे ३० टक्क्यांनी घसरली. एलनव्हिलसारखं काही घडायला हा काळ पुरेसा होता. कंपनीनं नवी भरती थांबवली, सुट्ट्या आधी घ्यायला सांगितल्या, आणि काही कामगार परिसरातल्या दुसऱ्या कंपन्यांना काही काळापुरते कामाला दिले. कामावरून कुणाला काढलं नाही. खटका जुळवणारा माणूस काही काळ दुसऱ्याच्या शेडमध्ये वेगळं काम करत होता, पण त्याचं नाव इबाखच्याच हजेरीपटावर होतं. मागणी परतली तेव्हा तो आपल्या बाकावर येऊन बसला, एक चाकू उचलला, उघडला, मिटवला, आणि आवाज ऐकला.